हाडांच्या वॉर्डातलं सिनेमाचं बक्षीस

नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी घोटीहून नाशिकला आले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. वडील प्राथमिक शिक्षक. आमच्या वस्तीतून नर्स व्हायला निघालेली मी पहिलीच. एसटीत बसवून देताना वडील म्हणाले, "शीक, आणि परत इकडंच ये. इथंही माणसं आजारी पडतात." मी मान हलवली. परत यायचं नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. कुठं जायचं, ते मात्र ठाऊक नव्हतं. नाशिकला पोचले आणि महिन्याभरात नाशिकही पुरेनासं झालं.

मला एका जागी बसवत नसे. जेवताना पाय हलायचा, लेक्चरला दाराजवळचीच जागा लागायची. सुट्टीच्या दिवशी कारण नसताना मी पंचवटीपर्यंत चालत जायची आणि घाटावर न थांबताच परत फिरायची. सिनेमा हा एकच उपाय सापडला. तिथं आपण बसलेलो असलो तरी पडद्यावर कुणी ना कुणी सतत पळत असतं.

होस्टेलमध्ये कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. एकेका नावाच्या तीन-चार मुली, म्हणून जी जिथून आली ते गावच तिचं नाव. वणी, सटाणा, सिन्नर. मी घोटी. माझ्या खोलीत होती ती मालेगाव. तिच्या घरी सगळे मागावर काम करायचे. लहानपणापासून ती मागाच्या खडखडाटात झोपलेली, त्यामुळं आमच्या खोलीतल्या शांततेत तिला झोप लागत नसे. "ये तुम्हारा नाशिक इतना चूप क्यूं है गं?" असं ती पहिल्या आठवड्यात मला विचारत होती, जणू नाशिक मीच गप्प बसवून ठेवलं होतं. मला बसवत नव्हतं, तिला झोपवत नव्हतं. आमची गट्टी जमली. ड्यूटी संपली की साडी बदलायची आणि शालिमारच्या थिएटरांकडं चालायला लागायचं. जो सिनेमा लागला असेल तो. पोस्टर आवडलं म्हणून जायचं, नाही आवडलं तरी जायचं.

बक्षिसांची कल्पना तिची. झालं असं, की एका सिनेमात नायकाला गोळी लागते. त्याला हॉस्पिटलात आणतात. नर्स उंच टाचांच्या चपला घालून टकटक करत येते, ओठाला लिपस्टिक, नखं लाल. सलाइनची बाटली टांगलेली, पण तिची नळी कुठंच लावलेली नाही, नुसती उशीवर पडलेली. सगळं थिएटर डोळे पुसत होतं आणि माझी मालेगाव उठून उभी राहिली, पडद्याकडं हात करून ओरडली, "अरे बाई, पहले सलाइन तो चालू कर!"

शिट्ट्या झाल्या. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "ओ बहनजी, बसा ना." ती बसली, पण धुसफुसत राहिली. बाहेर पडल्यावर म्हणाली, "घोटी, ह्याला बक्षीस द्यायला पाहिजे. साल का सबसे बुरा हॉस्पिटल."

त्या जानेवारीत आम्ही खरंच दिलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी होस्टेलच्या गच्चीवर मुली केस वाळवत बसायच्या, तिथंच समारंभ. बक्षीस सर्वात वाईट हॉस्पिटलचं, मरायला सर्वात जास्त वेळ लावणाऱ्या माणसाचं, काही कारण नसताना आंधळ्या झालेल्या आईचं. शेवटी वर्षातला सर्वात वाईट सिनेमा आणि सर्वात चांगला. नियम एकच: ज्यानं सिनेमा पाहिला नाही त्याला मत नाही. वाईटासाठी एक किडनी ट्रे ठेवला होता, रोग्याला ओकारी आली की धरतात तो, पांढरा मुलामा उडालेला, वॉर्डातून बाद केलेला. चांगल्यासाठी मालेगावनं एक बाहुली केली होती. ती प्लास्टर रूममध्ये शिकत होती, आणि भिजवून उरलेल्या प्लास्टरच्या पट्ट्यांतून तिनं हात वर केलेली एक बाई घडवली होती. चेहरा नव्हता. "चेहरा कुणाचा काढू?" ती म्हणायची. "दर साल हिरॉईन बदलती है."

दोन-तीन वर्षं असं चाललं. आम्ही शिकून पास झालो आणि त्याच हॉस्पिटलात नोकरीला लागलो. खोली तीच राहिली. मालेगाव कायमची प्लास्टर रूममध्ये गेली आणि मला पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात टाकलं.

तिथं तो ड्रायव्हर आला. चांदवडकडचा, वय चाळिशीचं, अंगानं धिप्पाड. आग्रा रोडला घाटात ट्रक उलटून मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला दोरी बांधून, ती कॉटच्या टोकाशी चाकावरून घेऊन खाली वजन लटकवलं होतं, हाड सरळ जुळावं म्हणून. असं महिनोन् महिने पाठीवर पडून राहायचं. कुशीवर वळायचंही नाही. अर्धं आयुष्य रस्त्यावर काढलेल्या माणसाला ते कसं जमावं? तो वॉर्डबॉयवर ओरडायचा, शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्यावर ओरडायचा, पंख्यावर ओरडायचा. एका दुपारी त्यानं काठीनं वजन उचलून दोरी सोडायचा प्रयत्न केला. डॉक्टर चिडले. इन्चार्ज सिस्टरनं मला बाजूला घेतलं.

"दुपारची ड्यूटी तुझी आहे ना? ह्याला गप्प ठेव. काय वाटेल ते कर. पुन्हा दोरी सोडली तर पाय वाकडा जुळेल."

मी त्याच्या कॉटशी गेले.  त्याच्याकडं पाहिलं, तर त्याच्या चांगल्या पायाचा अंगठा सारखा हलत होता, ब्रेकवर ठेवल्यासारखा. हा रोग माझ्या ओळखीचा होता.

"दादा, सिनेमा बघता का?"

"बघत व्हतो. धुळ्याला, इंदूरला, माल उतरंस्तोवर टाकीजमधी जाऊन बसायचो. लय पिक्चर पायले. निम्मे झोपेत." मग माझ्याकडं डोळे वटारून म्हणाला, "का? हितं दावणार हाय का?"

"दाखवणार नाही. सांगते."

त्याच दुपारी मी आदल्या दिवशी पाहिलेला सिनेमा त्याला सांगितला. ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जाता जाता सांगत होते, म्हणून मोठ्यानं सांगावा लागला. शेवटच्या कॉटपर्यंत पोचले तेव्हा सगळा वॉर्ड गप्प होता. "मंग?" ड्रायव्हरनं लांबून विचारलं. मी जागेवरून ओरडून सांगितलं, "मग पोलीस आले." सगळे हसले.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. ताप बघायला गेले की तो विचारायचा, "आज कोणता?" मी सांगायची. त्याला गाण्यांत रस नव्हता, मारामारीत बेताचा. त्याला रस रस्त्यात. "गाडी कोणती व्हती? पेट्रोलची का डिझेलची? घाट कोणता?" मला कुठलं माहीत! मी म्हणायची, "लाल होती." तो वैतागायचा. पण त्यानं पुन्हा दोरीला हात लावला नाही. इन्चार्ज सिस्टर दारातून ऐकून गेल्या आणि माझी दुपारची ड्यूटी त्यांनी बदललीच नाही.

अडचण त्यातच होती. दुपारी दोनला वॉर्डात हजर राहायचं, म्हणजे सिनेमा बाराचा बघायचा, आणि बाराचा बघायचा तर इंटरव्हलला उठून पळायचं. मालेगावची ड्यूटी सकाळची. ती तीनचा खेळ बघायची, पुरा. मी मात्र त्या सबंध काळात एकाही सिनेमाचा उत्तरार्ध पाहिला नाही. सुरुवातीला मी वॉर्डात म्हणायची, "पुढचं उद्या सांगते," आणि खोलीवर जाऊन मालेगावला विचारायची. पण तिला सांगता येत नसे. "वो आता है, फिर ये रोती है, फिर सब ठीक," एवढंच. मग मी विचारणं सोडून दिलं. उत्तरार्ध आपला आपण लावायला लागले. त्यात काही वावगं वाटलं नाही. रोग्याला गप्प ठेवायचं होतं, तो गप्प राहत होता.

त्याच सुमारास मी एकदा घरी घोटीला गेले. सकाळच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळी परत. आईनं कोळम तांदळाचा भात, सुकटाची चटणी केली होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत जेवले. चहा तर उभ्यानंच घेतला, दारात, पायात चपला घालून. आईनं कप हातातून घेतला आणि म्हणाली, "बरा झालाय का चहा?" मी म्हटलं, "छान झालाय." आणि स्टँडकडं निघाले. वडील सोडायला आले नाहीत. गाडी चुकेल म्हणून मी घाई केली आणि गाडी अर्धा तास उशिरा आली.

पुढच्या आठवड्यात एक स्टेशनचा सिनेमा लागला. लहानशा स्टेशनवर चहा विकणारी एक बाई. तिचा नवरा लग्न होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच शहरात कामाला गेलेला, तो परत आलेलाच नाही. पोटात मूल. ती येणाऱ्या प्रत्येक गाडीला किटली घेऊन उभी राहते. मुलगा मोठा होतो, स्टेशनमास्तरच्या मुलीमागं गाणी म्हणत फिरतो. आणि एक दिवस गाडी थांबते, पहिल्या वर्गाच्या डब्यातून सोन्याच्या अंगठ्या घातलेला हात चहासाठी बाहेर येतो. बाई वर बघते. इंटरव्हल.

मी उठले आणि पळत सुटले. मेन रोडवरून, गर्दीतून, चपलेचा पट्टा तुटला तो हातात धरून. वॉर्डात आले, ॲप्रन चढवला आणि सांगायला सुरुवात केली. अंगठ्यांच्या हातापर्यंत आले. सगळे माझ्याकडं बघत होते. दारात मालेगाव उभी होती. तिची ड्यूटी संपली होती, कोपरापर्यंत हात प्लास्टरनं पांढरे. ती आदल्या दिवशी हाच सिनेमा पुरा बघून आली होती.

"मंग?" ड्रायव्हर म्हणाला.

मी बोलत गेले. बाईनं कप दिला. त्यानं चहा प्यायला. त्याच्या भुवईवरच्या व्रणावरून तिनं त्याला ओळखलं. त्यानं तिला ओळखलं नाही. कप परत देत तो म्हणाला, चहा छान झालाय. गाडी हलली. मुलानं विचारलं, आई, कोण होतं गं? ती म्हणाली, गिऱ्हाईक. आणि तिनं कप विसळला.

"संपला?"

"संपला."

"तिनं हाक नाय मारली?"

"नाही."

"का बरं?"

"मारावीशी वाटली नसेल."

त्याला कुशीवर वळता येत नव्हतं. त्यानं नुसती मान भिंतीकडं फिरवली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "आता पाणी द्या कुणीतरी," आणि मी ट्रॉली ढकलत पुढं गेले.  

संध्याकाळी खोलीवर मालेगावनं मला धरलं. "घोटी, ये कौनसा पिक्चर था?"

"तोच."

"तो नाही. त्यात तो शेठ अपघातानं सगळं विसरलेला असतो. त्याच्या डोक्यावर सिग्नलचा खांब पडतो, सब याद आता है. मग सगळे गळ्यात पडतात. खांब पडून स्मृती येते! मी तर सबसे बुरा हॉस्पिटल ह्यालाच देणार होते."

"मग?"

"मग काय? तुझा चांगला आहे." ती खाटेवर बसली, हातावरचं वाळलेलं प्लास्टर नखानं काढत राहिली. "पण बक्षीस कुणाला द्यायचं? जो लागलाय त्याला, की जो तू सांगितला त्याला?"

मी चपलेच्या तुटलेल्या पट्ट्याला पिन लावत बसले.

दोन दिवसांनी ड्रायव्हरनं आग्रा रोडनं जाणाऱ्या एका दोस्ताच्या ट्रकमधून निरोप धाडला आणि बायकोला बोलावून घेतलं. ती अपघात झाल्यावर एकदा येऊन, भांडून गेली होती. दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही, तो अपघात होऊनच सापडला, असा तिचा राग. ह्या वेळी ती भाकरीचं गाठोडं घेऊन आली आणि कॉटशेजारी खाली बसली. सडपातळ, आवाज खणखणीत. "काय काम काढलं? कांद्याचं रोप लावायचं सोडून आले मी."

"काय काम नाय," तो म्हणाला. मग मला हाक मारली. "सिस्टरबाई, हिला तो पिक्चर सांगा. टेशनाचा."

मी सांगितला, तसाच. आता वॉर्डाला तो पाठ झाला होता. 'गिऱ्हाईक' हा शब्द दोन-तीन जणांनी माझ्याबरोबरच म्हटला. ड्रायव्हर बायकोच्या तोंडाकडं बघत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

"हा काय पिक्चर झाला? म्या असते तर मनगाट धरून खिडकीतून बाहेर वढला असता मेल्याला. डब्यासकट."

वॉर्ड फुटला हसून. पाय टांगलेले, हात गळ्यात अडकवलेले, सगळे हसत होते. ड्रायव्हर मात्र हसला नाही. "तुला नाय कळायचं ते."

"मला नाय कळायचं?" ती म्हणाली. "आपल्या घरात वाट कोण बघतं? तुम्ही का मी?"

हसणं थांबलं. मी थर्मामीटर झटकत उभी राहिले.  तो म्हणाला, "म्हनूनच बोलावलं." तिनं गाठोडं सोडलं आणि त्याला भाकरीचा तुकडा मोडून दिला. ती त्या दिवशी परत गेली नाही. पुढं आठवडाभर राहिली, व्हरांड्यात झोपली, आणि रोज त्याच्याशी त्या सिनेमावरून भांडली.

जानेवारी आला. मालेगाव म्हणाली, यंदा बक्षिसं गच्चीवर नाही, वॉर्डात. इन्चार्ज सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "भेटायच्या वेळेत करा, आणि डॉक्टर राउंडला आले तर मला काही माहीत नाही." होस्टेलच्या मुली आल्या. वणी म्हणाली, "पण ह्यांनी सिनेमे कुठं पाहिलेत? नियम काय आहे आपला?"

"पायले न्हाईत, ऐकले तर हायेत," ड्रायव्हर म्हणाला. तोवर त्याच्या पायाला लटकवलेलं वजन निघून कमरेपासून प्लास्टर चढलं होतं आणि त्याला उशा लावून जरा उठवून बसवता येत होतं. "आमच्यावानी कोनी ऐकले? धा कॉटा साक्षीला हायेत."

नियम मोडला. सर्वात वाईट हॉस्पिटलचं बक्षीस एका अशा सिनेमाला गेलं ज्यात रोगी ऑपरेशननंतर पाच मिनिटांत गाणं म्हणतो. ते रोग्यांनी एकमतानं दिलं, फार रागानं. मग मुख्य बक्षिसावर आलो. ड्रायव्हर म्हणाला, टेशनाचा. बायको खास त्यासाठी आली होती. तिनं किडनी ट्रे उचलला आणि म्हणाली, टेशनाचा, ह्याच्यात घाला. नवरा-बायकोत जुंपली. वॉर्ड अर्धा इकडं, अर्धा तिकडं. शेजारचा म्हातारा ऐनवेळी फिरला. शेवटी सगळे मालेगावकडं बघायला लागले, कारण तिचं मत राहिलं होतं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. पाय हलत होता. तिनं हात वर केला आणि बाहुली ड्रायव्हरच्या कॉटशेजारच्या कपाटावर ठेवली. "सबसे अच्छा," ती म्हणाली. त्यानं डिस्चार्जच्या दिवशी कपाटावरची बाहुली पिशवीत घातली. कुणी अडवलं नाही.

उन्हाळ्यात तो ओपीडीत तपासायला आला. काठी टेकत, पाय थोडा आखूड पडलेला, बायको बरोबर. तपासणी राहिली बाजूला, तो थेट वॉर्डात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तोंड लालबुंद.

"सिस्टरबाई, तो पिक्चर तुम्ही सांगितला तो नव्हं."

पायावर उभं राहिल्यावर दोघं चैत्रात वणीला देवीच्या दर्शनाला गेली होती. जत्रेत तंबूतला सिनेमा होता, आणि तोच लागला होता. हा हौसेनं बायकोला घेऊन बसला. पुढचं बायकोनंच सांगितलं, तोंडाला पदर लावून हसत. "खांब पडला, सगळे गळ्यात पडले, आन हे उठले की हो! तंबूवाल्याला जाऊन धरलं. म्हनले, शेवटचं रीळ बदललंस, दुसऱ्या पिक्चरचं लावलंस. त्यो बिचारा डबे उघडून दावतोय. मला तर लय आवडला. चांगला नवरा आला परत."

"गप," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "त्या मालेगावच्या बाईंनी बी हात वर केला व्हता. खरं काय ते सांगा."

"मी इंटरव्हलला उठून आले होते, दादा. ड्यूटी होती. पुढचं मी पाहिलंच नाही."

"मंग ते कुठलं? गिऱ्हाईक, कप विसळला, ते?"

"सांगता सांगता सुचलं."

तो काठीवर रेलला. राग उतरत गेला तसा त्याचा चेहरा वेगळाच दिसायला लागला, हिशेब न लागल्यासारखा. "म्हंजे तुमच्या डोस्क्यातलं?"

"हो."

"आसं डोस्कं हाय," तो म्हणाला, "तर मंग हितं बेडपॅन उचलत काय करता तुम्ही?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.  बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. "बोलायचं कळतं का काय? त्यांनी उचलले म्हनून निभावलं तुमचं." मग मला म्हणाली, "ती बाहुली हाय ना, पोरांनी तिचा हात मोडला. हे म्हनत्यात, पुन्हा पिलाश्टर घालून आना. मी म्हनलं, आधी तुमचा पाय दावा."

जाताना त्यानं आपला निकाल दिला: पिक्चर भंगार, किडनी ट्रेमध्ये घाला. बाहुली मात्र परत देणार नाही, कारण ती पिक्चरला दिलीच नव्हती. ट्रक त्याला पुन्हा चालवता आला नाही. घरासमोर रस्त्याला लागून त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं. एका येत्या-जात्या ट्रकच्या क्लीनरकडून कळलं, की बायको म्हणते, आता दिवसभर डोळ्यांसमोर असतो, लय कटकट करतो.

त्याच्या प्रश्नानं मला मात्र पुरतं पछाडलं. ट्रॉली ढकलताना, चादरी बदलताना, जिन्यात. आपण इथं काय करतो आहोत? मला दुसरं काही करता येईल असंही नव्हतं. सिनेमे कसे बनतात, कोण लिहितं, त्या लोकांपर्यंत कसं पोचायचं, घोटीच्या मास्तरच्या मुलीला ते कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर बसून लिहिणं माझ्याच्यानं झालं नसतं. एकदा रविवारी टेबलाशी बसले, अर्धं पान झालं आणि उठून गंगापूर रोडनं पार धरणाच्या बाजूला चालत सुटले. मला सुचायचं ते चालताना, समोर दहा पाय टांगलेले असताना, कुणीतरी 'मंग?' म्हटल्यावर. काही दिवस मी वॉर्डात सिनेमे सांगायचं बंद केलं. मग एक कमरेचं हाड मोडलेला मास्तर आला, रात्रंदिवस कण्हायचा, आणि इन्चार्ज सिस्टर माझ्याकडं नुसतं बघून गेल्या. मी पुन्हा सुरू केलं.

ऐंशीच्या दशकात सगळंच हललं. कॉलन्यांमधून व्हिडिओ आले. होस्टेलच्या मुली वर्गणी काढून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे बघायला लागल्या. गच्चीवरची बक्षिसं दोन-चार जणींवर आली. मी मुंबईच्या हॉस्पिटलांत अर्ज टाकत होते. पुढं तिथं गेलेही, तिथूनही निघाले, आणि शेवटी वडील म्हणाले होते तिथंच येऊन टेकले, घोटीजवळच्या सरकारी दवाखान्यात. वडील तेव्हा नव्हते. आई होती. तिच्या हातचा चहा मग पुष्कळ वर्षं प्यायला, बसून.

पण माझ्या आधी मालेगाव गेली. तिला आखातात नोकरी मिळाली. भावांनी खळखळ केली, मग कबूल झाले. जानेवारीतच तिला मुंबईला पोचायचं होतं. सामान बांधण्याच्या गडबडीत त्या वर्षीची बक्षिसं राहून गेली, हे तिला सी.बी.एस. स्टँडवर एसटीत चढल्यावर आठवलं. खिडकीशी बसली, काच वर सरकवली.

"घोटी! ह्या सालचं?"

"आता?"

"अभी! वाईट कोणता?"

मी एक नाव सांगितलं. "वो? वो तो अच्छा था!" ती किंचाळली. "त्यात हॉस्पिटल बरोबर दाखवलं होतं!"

"हॉस्पिटल बरोबर म्हणून सिनेमा चांगला?"

"हां! निदान सलाइन तरी लावली होती!"

आजूबाजूची माणसं बघत होती. हमाल तिची ट्रंक टपावर चढवत होता. कंडक्टरनं बेल दिली. आम्ही दोघी अजून चांगल्यावर आलोच नव्हतो. गाडी मागं सरकली, मग वळली, मी बरोबर चालायला लागले, मग पळायला. ती खिडकीतून अर्धी बाहेर आली, तिनं मोठ्यानं एका सिनेमाचं नाव सांगितलं, तेवढ्यात शेजारच्या, मालेगावला जाणाऱ्या गाडीनं हॉर्न दिला.

"काय?" मी ओरडले.

तिनं पुन्हा सांगितलं. मला नाही ऐकू आलं.

"नाही, नाही," मी धावता धावता हात हलवून ओरडले, "तो अजिबात नाही!"